फारमावर जावेचा नंबर

माह्या जावेनं माह्या पोरीची सोयरीक मोडली, त्याले आता सव्वीस वर्सं झाले. त्याचा बदला मी मागच्या साली घेतला. मधातले सारे वर्सं मी तिच्यासंग हसून बोलली. तिच्या सुनेच्या बाळंतपनात डिंकाचे लाडू नेऊन देले. तिचा नवरा, म्हंजे माहा दीर, गेला तवा तिचं डोकं मी माह्या मांडीवर घेतलं. आन एकही दिवस इसरली नाई.

मी चौथी शिकेल आहे. जसं बोलता येते तसंच लिहून राह्यली.

आमचं गाव जळगाव जामोदच्या अलीकडं. अंगनात उभं राह्यलं का सातपुडा दिसते. आमच्याकडं वांगे, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, मिरची. माह्या घरात लेक एकच. बारा वर्साची झाली तवापासून माह्यासंग बाजारात बसे. जिभेची धारदार होती. एखाद्या गिऱ्हाइकानं मेथीच्या जुडीवर नाक मुरडलं का ती म्हने, “राहू द्या काका, ही मेथी तुमच्या घरी यायले राजी नाई.” लोक हसत आन दोन जुड्या जास्तीच्या नेत. मले तवा वाटे, हे पोरगी कुठंही गेली तरी उपाशी मरनार नाई.

नांदुऱ्याकडचा एक मास्तर तिले पाहून गेला. पोरगा चांगला, मान्सं चांगले. पसंत पडली असं त्याच्या मायनं उठता उठता मले सांगतलं. पन आमच्याकडं पोरगी पाहून झाली का पोराकडचे सरळ घरी जात नाईत. शेजारी पानी प्यायच्या निमतानं बसते आन पोरीचं इचारते. घरचे गोडच सांगन, खरं काय ते शेजारी सांगते, असा रिवाज आहे. ते माह्या जावेकडं बसले. अर्धा तास बसले. निंगाले तवा माह्या दाराकडं त्याइनं पाह्यलं नाई.

जाऊ काय बोलली ते मधात पडलेल्या मानसानं मले शब्दाले शब्द सांगतलं. पोरगी तोंडाची तिखट आहे. बाजारात बाप्या मानसाले माघारी धाडते. कोनाचं आयकत नाई. सासूच्या हाताखाली राहनार नाई, घरात आनाल त तुमच्याच डोक्यावर बसन. चार महिन्यानं त्याच मास्तरासंग जावेच्या भावाच्या पोरीचं लगन लागलं. मी त्या लग्नात गेली. पंगतीत बुंदी वाढली.

गोष्ट गावोगाव गेली. कोनी यायले तयार नाई. शेवटी पोरगी दूर देली, घाटावर, चिखलीच्याबी पुढं. तिथं तिले बोलायची बंदी होती. कावीळ झाली तवा ती सांगत होती का मले दवाखान्यात न्या, पन आयकलं कोनी नाई. नेलं तवा उशीर झाला होता. तीन वर्साची नात मी कडेवर घेऊन आली. तिच्या बापानं दुसरं केलं, पोरीले कधी मांगितलं नाई.

नातीले मी वेगळं शिकवलं. तिच्या जिभेले मी कुलूप लावलं. कोनासमोर वर तोंड करून बोलायचं नाई, आपली तारीफ आपल्या तोंडानं करायची नाई, कोनी इचारलं त ‘हो जी’ म्हनायचं. तिनं आयकलं. पन रक्त कुठं जाते? बी.कॉम. झाल्यावर तिनं गावातल्या बारा बाया जमवल्या. आधी ज्यानं त्यानं आपलं टोपलं घेऊन आडत्याकडं जावं आन तो सांगन त्या भावानं देऊन यावं, असं चाले. हिनं बाराही जनीचा माल एकत्र केला, छोटा हत्ती टेम्पो ठरवला आन खामगाव-अकोल्याच्या मेसवाल्याइले नेऊन द्यायले लागली. तोंडानं हळू बोले, पन कामात कोनाचं आयके नाई. बाया कॅरेटमधी वर चांगले वांगे मांडते आन खाली कीडके दडवते, हे तिले माहीत. म्हून तिनं नियम केला, का सगळ्यायसमोर कॅरेट उलटं करून पाहायचं. माही जाऊबी त्या बारा जनीत होती. एक दिवस तिचं कॅरेट उलटं केलं त खालून कीडके निंगाले. नातीनं एक शब्द न बोलता कॅरेट तिच्या पायापाशी ठेवलं आन पुढच्या बाईचं घेतलं. जाऊ महिनाभर फुगून होती. मी घरात येऊन दार लावलं आन हसली.

मंग तिच्या डोक्यात आलं का धंद्याचं शिक्षन घ्यायचं. एम.बी.ए. पुन्याचं एक मोठं कॉलेज आहे, तिथं खेड्यातल्या पोराइसाठी काही जागा ठेवते आन शिक्षनाच्या खर्चाचं तेच पाहते. अकोल्याले जाऊन कम्प्युटरवर परीक्षा देली, पास झाली. पन परीक्षेवर जागा नाई भेटत. फारम भरा, त्यात स्वतःबद्दल लिहा, आन तुमचं काम पाह्यलेल्या दोन मानसायचे नंबर द्या. ते त्याइले फोन करून इचारनार.

फारम जोरकस करून द्यायले जळगाव जामोदात एक सर आहे. पोराइचे क्लास घेते. मी नातीसंग गेली, त्याइच्यासाठी पिशवीभर मिरची घेऊन. सरनं तिचं लिहलेलं वाचलं आन चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, हे काय आहे?” मले इचारलं त्याइनं. “मी शांत स्वभावाची आहे, मोठ्यांचा मान राखते, मिळून-मिसळून राहते. हा फारम आहे का लग्नाचा बायोडाटा?”

नात खाली पाहून राह्यली. सरनं तिले इचारलं, का तू कोनाले शेवटचं नाही कवा म्हटलं? कोनासंग भांडली? कोनतं काम लोक नको म्हनत असताना केलं? तिनं मान हलवली, काही सांगे ना. मले माहीत होतं, का तिच्यापाशी सांगायले ढीगभर आहे. पन कुलूप मीच लावेल होतं, चाबी हरपून गेल्ती. सर म्हने, त्या कॉलेजले मुकाट पोरी नको आहे, तसे हजार फारम येते. त्याइले पुढं होनारं मानूस पायजे, जे नाही म्हनू शकते, दहा मानसं हाकलू शकते. मंग थकून म्हने, “स्वतःच्या तोंडानं नसन सांगता येत, त दुसऱ्याच्या तोंडून येऊ द्या. पन असं मानूस पाहा, जे हिचं खरं सांगन.”

पहिला नंबर कॉलेजच्या मॅडमचा देला. दुसऱ्यासाठी आम्ही सरपंचाकडं गेलो. त्यानं आधी लेखी देतो म्हटलं, आन शिक्का मारून देलं, का सदर मुलगी सुशील, गृहकृत्यदक्ष व आज्ञाधारक आहे. गटातल्या बायाइले इचारलं, त एक म्हने, मी सांगतो ना, लय गरीब गाय आहे पोरगी. दुसरी म्हने, वर मान करून पाहत नाई. त्याइचा दोष नाई. आमच्या गावात पोरीबद्दल इचारायले कोनी आलं त एकाच कामासाठी येते, आन त्याइले एकच उत्तर येते. चांगल्या मनाच्या होत्या साऱ्या, आन त्या चांगल्या मनानं पोरीची जागा जानार होती.

नात म्हने, राहू दे आजी, मी करून घेतो काही. पन मी दोन दिवस वांगे तोडता तोडता इचार केला. साऱ्या गावात माह्या नातीबद्दल खरं सांगन असं कोन आहे? मंग माह्या ध्यानात आलं, आन माहा इळा हातातच राह्यला.

सांजीले मी नातीले म्हटलं, लहान्या आजीचा नंबर टाक. लहानी आजी म्हंजे माही जाऊ. नात माह्याकडं पाहतच राह्यली. ती त आपल्या घरातली, घरातलं चालत नाई म्हने. मी म्हटलं, घरातलं म्हंजे एका चुलीवरचं. आमच्या चुली चाळीस वर्सं झाले वेगळ्या आहे. गटात पहिल्या दिवसापासून आहे, तुहं काम तिच्याइतकं कोनी पाह्यलं नाई. तिनं मंग फारमात गटातली बाई आन चुलत आजी असं दोन्ही लिहलं, लपवलं काही नाई. लिहून झाल्यावर माह्याजवळ सरकून बसली.

“आजी, तू माफ केलं तिले?”

मी दाळ निवडत होती. निवडत राह्यली. तिनं आपल्या मनानं हो समजून घेतलं आन माह्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी तसंच राहू देलं. हे मी चांगलं केलं नाई, मले कळते.

नात स्वतः जाऊन जावेले सांगून आली, का लहाने आजी, पुन्याच्या कॉलेजवरून फोन येईन, माह्याबद्दल इचारन. जाऊ हाव हाव म्हने. दुसऱ्या दिवशी अंगनाच्या मधातल्या भिंतीजवळ आली आन मले इचारलं, बाई, पोरीचं कॉलेज त झालं ना, मंग हे पुन्यावाले कोन? डोळे बारीक करून इचारलं. मी म्हटलं, “चांगले लोक आहे म्हन्ते. पोरीचं नशीब उघडन. तुह्या हातात आहे आता.” मी लबाड बोलली नाई. पन खरं होतं ते पुरं सांगतलंबी नाई. ती मान डोलवत गेली, आन तिच्या चालीवरून मले समजलं का तिनं काय समजून घेतलं. सव्वीस वर्साआधी पानी द्यायले उठली होती तवा अशीच चालली होती.

फोन आला तवा दुपारचे चार वाजले असन. तिले कमी आयकू येते, म्हून ती फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवते आन वरून ओरडते. भिंतीच्या इकडं मी मेथी निवडत बसेल होती. पुन्याची बाई गोड बोलनारी. तिनं आपलं नाव सांगतलं, कॉलेजचं सांगतलं, पन जाऊ “हाव, हाव, बोला” करत होती, तिनं त्यातलं काय आयकलं देव जाने.

“मुलीचा स्वभाव कसा आहे? लोकांशी कशी वागते?”

“आता तुमी इचारता म्हून सांगतो,” जाऊ म्हने. “मी तिची दुश्मन नाई. पन पोरगी लय वरचढ आहे. वरून मुकी दिसते. बारा बाया आपल्या हाताखाली ठेवल्या तिनं, माह्यापेक्षा मोठ्यामोठ्या. तिनं म्हटलं पाच वाजता त पाच वाजता. सव्वापाचले गेलं त टेम्पो गेलेला राह्यते.”

“बरं. कधी कुणाशी वाद झाला का तिचा?”

जावेनं वाटच पाह्यली होती. आडत्याचं सांगतलं, का तो घरी येऊन हात जोडत होता माल दे म्हून, आन हिनं त्याले चहा पाजून माघारी धाडलं. सरपंचाच्या बायकोचं सांगतलं, का तिची मिरची पाह्याविना घ्या म्हने त हिनं घेतली नाई. मंग आपलं सांगतलं. “मी तिची आजी लागतो. माहं कॅरेट तिनं चार बायायसमोर उलटं केलं. माहं.”

“त्यात खराब वांगी होती का?”

इकडं मी मेथीची काडी हातात धरून बसली. तिकडं जावेची खाट करकरली.

“खाली असन चार.”

“मग तुम्ही अजून त्यांनाच माल देता?”

“देतो ना. दुसऱ्या कोनाले देऊ? आडत्या त लुटते.”

मंग जावेनं आवाज खाली आनला. तो आवाज मले माहीत आहे. आता ती काय काढन त्याचा नेम नव्हता, आन पोरीची जागा, पोरीची अब्रू, सारं मी त्या खाटेवरच्या फोनात टाकलं होतं. एकटी जाते जी अकोल्याले, ती म्हने. ड्रायव्हरजवळ पुढच्या सीटवर बसून जाते. दिवे लागल्यावर येते. मी उठून उभी झाली. भिंतीवरून हात घालून फोन ओढावा असं वाटलं.

“स्वतः जाते? कशासाठी?” त्या बाईनं साधंच इचारलं.

जाऊ अडखळली. तिले असं इचारनारं आजवर कोनी भेटलं नव्हतं. “म्हन्ते, टेम्पो रस्त्यात थांबला त भाजी सुकते. मेसवाला वजनात मारते. म्हून आपन सोबत जावं लागते म्हन्ते.”

“आणि तेव्हापासून माल परत आला का कधी?”

“नाई,” जाऊ म्हने. मंग तिले वाटलं असन का गोष्ट भलतीकडंच चालली, म्हून तिनं शेवटचं हत्यार काढलं. “पाहा बाई, मी साफ सांगतो. कोनाचं आयकनारी नाई ती. तिच्या मायसारखीच आहे. घरात घ्याल त तुमच्याच डोक्यावर बसन.”

ती बाई हसली. म्हने, तुम्ही फार मोकळेपणानं बोललात, आमची खूप मदत झाली. फोन बंद झाला. मी खाली बसली. थोड्या वेळानं जाऊ भिंतीजवळ आली, तोंडावर मोठं समाधान. “आला होता बाई फोन. चांगलंच सांगतलं मी.” मी म्हटलं, मले माहीत आहे.

पंधरा दिवसानं नातीले मुलाखतीले बोलावलं. ती नांदुऱ्याहून गाडीनं गेली. वापस आली तवा सांगत होती का आत पाच जन बसेल होते, त्याइनं पहिलेच वांग्याच्या कॅरेटचं इचारलं. आडत्याचं इचारलं. त्याइले सारं माहीत होतं, म्हून मले स्वतःची तारीफ केल्यासारखं वाटलंच नाई, फक्त झालं ते सांगत गेली. महिन्यानं जागा भेटल्याचं पत्र आलं, शिक्षनाचा सारा खर्च माफ करून.

पोरीनं सगळ्यात आधी काय केलं? पेढ्याचा डबा घेऊन जावेकडं निंगाली. मी पदर सारखा केला आन मागं गेली. अंगनात गटातल्या तीन बाया मिरचीचे देठ तोडत बसेल होत्या. नात जावेच्या पाया पडली. म्हने, लहाने आजी, तू फोनवर जे सांगतलं ते त्याइनं मले वाचून दाखवलं. तुह्यामुळं जागा भेटली.

“कोनतं सांगतलं?” जावेचा आवाज बारीक झाला.

मी पुढं झाली. “ते सोयरीकवाले नव्हते. कॉलेजवालेच होते, पोरीनं तुले सांगतलं होतं. त्याइले तोंडाची तिखट, मानसाले माघारी धाडनारी, डोक्यावर बसनारीच पोरगी पायजे होती. माह्या पोरीच्या वख्ती हेच बोलली होती तू त्या मास्तराच्या मायपाशी. तवा तिचा जीव गेला. आता माह्या नातीले जागा भेटली.”

बायाइचे हात थांबले. जाऊ माह्याकडं पाहून राह्यली. “इतक्या जुन्या गोष्टी मले कुठं आठवते बाई.”

“नको आठवू. मी आहे ना.”

नातीनं पेढा तिच्या हातात देऊन ठेवला होता. साऱ्या जनी पाहून राह्यल्या, म्हून जावेनं तो तोंडात घातला. तिले गिळता येईना आन थुंकता येईना. एका गालात धरून ती तशीच बसली, डोळ्यात पानी आलं, नाकातून सुंसुं आवाज यायले लागला. मी जागची हालली नाई. ती गिळेपर्यंत उभी राह्यली. माह्या साऱ्या जन्मात मी इतकं गोड काही पाह्यलं नाई, हे मी खोटं काऊन सांगू.

पन नातीचं तोंड मी पाह्यलं नव्हतं. घरी येऊन पाह्यलं. ती बोलेना. आठ दिवस कामापुरतं बोलली. जायच्या दिवशी मी तिच्यासंग जळगावच्या एस.टी. स्टँडवर गेली. नांदुऱ्याची गाडी लागायची होती. बाकड्यावर बसल्या बसल्या तिनं माह्याकडं न पाहता इचारलं.

“आजी, आन तिनं त्या दिवशी माहं चांगलं सांगतलं असतं त? गरीब गाय आहे म्हटलं असतं त? जागा गेली असती माही.”

“ती म्हनत नाई तसं.”

“मी तुले सांगत होती, का मी करून घेतो काही. माह्यावर भरोसा नव्हता तुहा. पन तिच्यावर होता.”

मी इचार केला. तिले लहानपनापासून मी फक्त कुलूप लावायले शिकवलं, खोटं बोलायले नाई शिकवलं.

“हाव,” मी म्हटलं. “तिच्यावर होता.”

गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायले लागले. एक धडधाकट मानूस आडवा घुसत होता, नातीनं बॅग त्याच्या छातीले लावली आन म्हने, “काका, रांगेत या.” मोठ्यानं म्हने, स्टँडभर आयकू गेलं. तो मागं सरला. ती चढली. गाडी हालेपर्यंत तिनं खिडकीतून माह्याकडं पाह्यलं नाई, आन मीबी हात हलवला नाई.